आगोटीपूर्वीची स्वयंपाकघराची तयारी

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास दाखल होतो. म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी १५ एप्रिलला सुरू करून ५ जूनपर्यंत हातावेगळी करावी. शेवटचे पंधरा दिवस हाताशी आहेत असे धरून चालू नये, कारण मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून समुद्राकडची हवा इतकी चिकट होते की गच्चीवर ऊन दिसते पण त्यात काही वाळत नाही. ज्यांना ऊन लागते ती कामे आधी आणि ज्यांना केवळ डबे व जागा लागते ती नंतर, हा क्रम पाळला की निम्मी धावपळ वाचते.

प्रथम काय साठवायचे नाही ते ठरवावे. चार माणसांच्या घरात दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ धरला तरी जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांना जवळजवळ ४९ किलो लागतो, आणि दीडशे ग्रॅमच्या हिशेबाने तूरडाळ १८ किलोंच्या पुढे जाते. गावच्या घरात माळा असे, कणग्या असत, आणि ओढ्याला पूर आला की बाजार तुटत असे; येथे इमारतीखाली वाणी बसलेला आहे आणि ओट्याखाली दोन गोणीही धड मावत नाहीत. तांदूळ-डाळ फार तर महिन्याभराची घ्यावी. जागा खर्च करावी ती पावसात मिळत नाही, मिळाली तरी दमट मिळते किंवा दुप्पट भावाने घ्यावी लागते अशा वस्तूंवर : मसाला, लोणचे, आमसुले, सुकी मासळी, पापड-कुरडया, कांदा-लसूण आणि कडधान्ये.

मसाल्याचे काम एप्रिलमध्येच उरकावे. लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मेमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जावे. रंग आणि चव यांसाठी बेडगी, निव्वळ रंगासाठी काश्मिरी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी, असा मेळ आमच्या घरी अनुक्रमे अर्धा किलो, पाव किलो आणि पाव किलो असा बसला आहे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी संकेश्वरी निम्मी करावी. मिरच्यांची देठे घरी आणून काढावीत आणि मिरच्या कडक उन्हात तीन दिवस वाळवाव्यात. एक मिरची कानाशी धरून हलवली असता आतले बी खुळखुळले पाहिजे आणि ती मोडताना कट्ट असा आवाज झाला पाहिजे. नुसती वाकली तर आणखी एक दिवस उन्हात. सोसायटीची गच्ची कुलुपात असेल तर खिडकीच्या जाळीत सुपे ठेवून भागवता येते, मात्र कबुतरांसाठी वरून जुनी मच्छरदाणी ताणून बांधावी लागते. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, दालचिनी हे जिन्नस एकत्र भाजू नयेत. प्रत्येकाला लागणारी आंच वेगळी असते आणि एकाच्या नादात दुसरा करपतो. कुटताना चक्कीपेक्षा डंक (मसाला कांडण्याचे यंत्र) बरा, कारण चक्कीत मसाला अधिक तापतो आणि वास उडतो.

यानंतरची पायरी घाईत चुकते. डंकावरून आणलेला मसाला पिशवीत कोमट असतो. तो तसाच बरणीत भरला की झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो, तो थेंबथेंब खाली उतरतो आणि वरचा थर आधी गोळे धरतो, मग बुरशी. एका वर्षी मी रात्री उशिरा आळसाने हेच केले आणि नागपंचमीला अडीच किलो मसाला कचऱ्यात गेला. तेव्हापासून मसाला मोठ्या परातीत कागदावर पसरून रात्रभर पूर्ण निवू देते, सकाळी कोरड्या चिनीमातीच्या बरणीत थराथराने हाताने दाबून भरते, मधून मधून हिंगाचे खडे पेरते आणि तोंडाला दादरा (स्वच्छ फडके) बांधून वर झाकण लावते. महिन्याला पुरेल इतका मसाला लहान डब्यात काढून मोठी बरणी पुन्हा बांधून ठेवावी. शिजणाऱ्या भांड्यावर डबा उघडा धरून मसाला कधीही घालू नये, वाफ थेट आत जाते.

लोणच्यासाठी जाड गराची राजापुरी कैरी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी. एक किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ हे प्रमाण जुन्या बायका डोळे मिटून सांगतात. हल्ली रक्तदाबाच्या धास्तीने ते निम्मे करण्याकडे कल असतो, परंतु मीठ कमी केलेले लोणचे फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवायचे असते, वर्षाच्या बरणीत ते चालत नाही. लोणचे नासते ते पाण्यामुळे. कैऱ्या धुऊन, पुसून, पंख्याखाली तासभर ठेवून मगच चिराव्यात; मीठ कढईत किंचित भाजून घ्यावे; बरणी उन्हात तापवून, निखाऱ्यावर हिंग टाकून तिला धुरी द्यावी. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावर ओतावे आणि ते फोडींच्या वर एक बोट उभे राहील इतके असावे. चार-सहा दिवसांत फोडी तेल ओढतात, तेव्हा पातळी पुन्हा पाहून वरून भर घालावी.

आमसुले दादरच्या बाजारात किंवा कोकणी मालाच्या दुकानांत मेअखेरीस नवी येतात. कोकमाची सालं स्वतःच्याच रसात मीठ घालून पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली असल्याने ती मुळातच ओलसर व खारट असतात. म्हणून त्यांना पत्र्याचा डबा नको, काच किंवा चिनीमाती हवी. पाव किलो आमसुले आणि एक बाटली आगळ (कोकमाचा खारवलेला रस) चार महिने पुरते.

सुक्या मासळीला मी सर्वांत अधिक वेळ देते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळे ज्या घरात मासळीचे बुधवार-शुक्रवार-रविवार पाळले जातात तेथे या दोन महिन्यांचा विचार आधी करावा लागतो. वेसावे, मढ, उत्तन, अर्नाळा येथे बांबूच्या वलांडीवर (आडव्या बांबूंच्या मांडवावर) बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगून वाळवतात. मोठी खरेदी असेल तर मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जावे. बोंबील हातात घेऊन वाकवावा : काडीसारखा मोडला तर चांगला, चामड्यासारखा वळला तर ओला. पिवळट झाक आणि तेलकट वास असेल तर तो जुना आहे, भाव कमी केला तरी घेऊ नये. जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी) मूठभर तळहातावर चोळून पाहावा, खाली रेती राहिली तर नको. सोडे (सोललेली सुकी कोळंबी) महाग असतात, पण पाव किलो पुरेसे होतात, कारण ते भाजीला चव देण्यासाठी वापरायचे असतात, भाजी त्यांची करायची नसते.

घरी आणल्यावर बोंबलांची डोकी, शेपट्या व पर कात्रीने काढून दोन बोटे लांबीचे तुकडे करावेत, सुकटीची (न सोललेल्या सुक्या कोळंबीची) डोकी व पाय खुडावेत आणि सर्व माल एक दिवस पुन्हा उन्हात ठेवावा. हे काम वर्तमानपत्र पसरून खिडकीपाशी आणि शक्यतो शेजारी कामावर गेल्यानंतर करावे, एरवी मजल्यावरचे संबंध बिघडतात. ऊन न मिळाल्यास तव्यावर मंद आंचेवर कोरडे परतून गार करावे. मग एका वेळेला लागेल इतकी पुडी बांधून, पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा फ्रीझरमध्ये. सगळा माल एकाच पिशवीत ठेवला की दर वेळी उघडताना दमट हवा लागते आणि जुलैच्या मध्यावर त्यात अळ्या पडतात.

धान्याला टोके आणि पोरकिडे लागू नयेत म्हणून तूरडाळीला किलोमागे एक चहाचा चमचा एरंडेल तेल चोळावे. वापरताना कोमट पाण्याने दोनदा धुतले की वास जातो. कडुनिंबाचा पाला घालणार असल्यास तो चुरचुरीत वाळलेला हवा, ओलसर पाला स्वतःच बुरशी आणतो. बिब्बे तांदळात घालण्याची पद्धत जुनी आहे, पण बिब्ब्याचा चीक लागला तर फोड येतात, म्हणून ते फडक्याच्या पुरचुंडीत बांधावेत आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. पाऱ्याच्या गोळ्या घरात असतील तर त्या धान्यात घालू नयेत. पारा हे विष आहे. रवा, मैदा, बेसन यांसाठी सर्वांत सोपा उपाय फ्रीझरचा : पिशवी बंद करून चार दिवस आत ठेवावी, म्हणजे आतली अंडी मरतात, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तपमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार पिठावर हवेतले पाणी धरते. शेंगदाण्यांना बुरशीचा वास किंवा हिरवी-काळी झाक दिसली तर ते टाकून द्यावेत. त्या बुरशीचे विष भाजल्याने जात नाही. पापड-कुरडयांना एक ऊन दाखवून ती हवाबंद डब्यात भरावीत, इतकेच.

कांदा उन्हाळीच घ्यावा. खरिपाचा पोळ कांदा पाण्याने भरलेला असतो, तो टिकत नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा मे महिन्यात दारावर येतात. त्या ओट्यापासून दूर, वारा लागेल अशा खिळ्याला टांगाव्यात. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत, दोन्ही लवकर कोंब धरतात. फणस खाल्ल्यावर आठळ्या धुऊन, सावलीत वाळवून कागदात गुंडाळाव्यात. पूर्वी त्या कोरड्या मातीत पुरत असत. नारळ घेताना हलवून पाणी वाजते का पाहावे आणि डोळे ओलसर असलेला नारळ परत ठेवावा.

यापलीकडे दोन दिवस बाहेर पडता आले नाही तर लागणारा एक वेगळा डबा भरावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतील अनेक वस्त्यांत वीज नव्हती आणि पाणी चढवणारे पंप बंद पडले होते. माणशी दिवसाला तीन लिटर या हिशेबाने चार माणसांसाठी २४ लिटर पिण्याचे पाणी झाकून ठेवावे व दर आठवड्याला बदलावे. डब्यात पोहे, भाजणी, मेतकूट, दूध पावडर, गूळ, मेणबत्त्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी असावी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी १ जूनलाच खालची फळी रिकामी करावी. वीज गेल्यावर फ्रिजचे दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. दार बंद राहिले तर आतले अन्न चारेक तास सुरक्षित राहते, आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत गार राहतो. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या की तो भरलेला राहतो आणि तेच पाणी नंतर पिता येते.

साठवलेले पुरवून कसे वापरायचे, तेही आधीच ठरवावे. दहा-बारा सोडे कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी न फेकता वांगी-बटाटा आणि आठळ्यांच्या रश्श्यात घातले की चार माणसांचे जेवण होते. जूनच्या पहिल्या सरींनंतर पालघर-वसईकडच्या बायका स्टेशनाबाहेर शेवळे ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळांना खाज असते, म्हणून सोबत काकडे (खाज मारणारी आंबट रानफळे) घ्यावीत, न मिळाल्यास आमसुले सढळ घालावीत, आणि सोडे तर हवेतच. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची साले तिळासोबत परतून चटणी करावी. फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत जातात. जुना तांदूळ नव्यापेक्षा अधिक पाणी घेतो आणि अधिक फुलतो, म्हणून पुरवठ्याला तोच बरा. कोथिंबीर महाग आणि चिखलाने भरलेली येते. ती न धुता, मुळे कापून, कागदात गुंडाळून ठेवल्यास आठवडा काढते. उरलेला भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजवल्यानंतरही त्यात काही जीवाणूंची बीजुके जिवंत राहतात, दमट उबेत ती वाढतात आणि त्यांचे विष सकाळी फोडणी दिल्यानेही नष्ट होत नाही. भात परातीत पसरून लवकर निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी फोडणीचा करून संपवावा.

प्रत्येक डब्याच्या झाकणावर भरल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहावी आणि आषाढात एखाद्या दिवशी चांगली उघडीप मिळाली की सर्व डबे खाली काढून वास घ्यावा. चमचे कोरडे असावेत, एकाचा चमचा दुसऱ्यात जाऊ नये. होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की उरलेले बोंबील आणि सोडे आधी संपवावेत, कारण नारळी पौर्णिमेनंतर घरात ताजी मासळी यायला लागली की फ्रीझरच्या मागे राहिलेल्या पुड्यांची कोणाला आठवण राहत नाही आणि दिवाळीच्या सफाईत त्या टाकाव्या लागतात.