अस्वस्थ मनाला विसावा: सुरुवात शरीरापासून

ज्यांचे मन सतत पुढच्या अडचणीचा कानोसा घेत असते, त्यांना घरीदारी सर्वांत जास्त मिळणारा सल्ला म्हणजे ‘टेन्शन घेऊ नकोस, जरा शांत हो’. सल्ला आपुलकीचा असतो, परंतु तो अमलात कसा आणावा हे त्यात कोणीच सांगत नाही. हाताला वर उचलण्याची आज्ञा देता येते, तशी मनाला शांत होण्याची आज्ञा देता येत नाही. ती दिलीच, तर मन शांत झाले की नाही हे घडीघडी तपासत बसण्याचे आणखी एक काम मागे लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागी व्यक्तींना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि तो आलाच तर घंटी वाजवा, असे सांगितले होते. घंटी वारंवार वाजली. शिवाय नंतर त्याच विचाराला मोकळीक दिल्यावर या मंडळींच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा अधिक वेळा आले. काळजी दडपू पाहणाऱ्याचाही अनुभव याहून वेगळा नसतो. म्हणून येथे मनाला गप्प करण्याचा उपाय सांगितलेला नाही. शरीराच्या वाटेने, टप्प्याटप्प्याने, विसाव्याची सवय कशी लावावी एवढाच विषय घेतला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठाऊक असणे फार गरजेचे आहे, कारण ती ठाऊक नसल्यामुळे अनेक जण थोड्याच दिवसांत प्रयत्न सोडून देतात. चिंतेचा स्वभाव असलेल्या काही माणसांना विश्रांतीचा सराव करताना प्रथम बरे वाटण्याऐवजी अधिक अस्वस्थ वाटते. हाइड आणि बोर्कोवेक या संशोधकांनी १९८३ मध्ये याची नोंद केली. त्यांच्या पाहणीत मंत्राच्या आधाराने केलेल्या ध्यानात हा त्रास स्नायू सैल करण्याच्या पद्धतीपेक्षा अधिक जणांना झाला. याचे कारण समजण्यासारखे आहे. जो माणूस वर्षानुवर्षे सावध राहत आला आहे, त्याला ती सावधगिरीच आपले रक्षण करते असे वाटत असते, आणि ती सैल होऊ लागताच आपण बेसावध पडलो अशी भीती त्याला वाटते. त्यातच डोळे मिटून निवांत बसल्यावर एरवी न जाणवणारी छातीची धडधड, पोटातील गुरगुर आणि श्वासाची लय एकदम ठळक जाणवू लागते. अशा वेळी ‘मला हे जमणारच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. अस्वस्थता थोडी वाढली तर डोळे उघडावेत, खोलीतील वस्तूंवरून नजर फिरवावी, आणि वाटल्यास पुन्हा सुरू करावे. माझ्या मते अस्वस्थ मनाच्या माणसाने स्थिर बसण्यापासून सुरुवात करूच नये. आधी हालचाल, मग स्नायू, मग श्वास आणि सर्वांत शेवटी स्थिर बसणे, हा क्रम त्याला मानवतो.

हालचाल म्हणजे चालणे. नाशिककरांना त्यासाठी जागा शोधत हिंडावे लागत नाही; कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, गोल्फ क्लबचे मैदान आहे, सोमेश्वरकडचा गोदाकाठ आहे, आणि पंचवटीत राहणाऱ्यांना पहाटेचा गोदाघाट आहे. रोज २० ते ३० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने, कानाला इअरफोन न लावता चालावे. चालताना विचार येतीलच, त्यांच्याशी भांडू नये; लक्ष मात्र पुन्हा पुन्हा बाहेर आणावे, म्हणजे पावलांचा आवाज, अंगावर येणारा वारा, भाजीच्या गाड्यांवरची हाक, देवळातली घंटा, असे जे प्रत्यक्ष समोर आहे त्याकडे.

ज्यांना छातीतील धडधडीचीच धास्ती वाटते, त्यांच्यासाठी पांडवलेण्यांच्या पायऱ्या ही उत्तम शाळा आहे. चढताना हृदय जोरात धडधडते, श्वास फुलतो, घाम येतो, म्हणजे घबराटीच्या झटक्यात जे जे होते त्यातले बरेचसे होते, आणि वर पोहोचून थोडा वेळ बसल्यावर ते सारे आपोआप ओसरते. हृदयाची गती वाढणे आणि संकट येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शरीराला असे अनुभवानेच पटते. वाचून पटत नाही. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चढ चढू नये. नाशिकजवळच्या टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे साधना केली आणि तिच्यात रोजचे सूर्यनमस्कार व नदीत उभे राहून केलेला जप यांचा समावेश होता, असे परंपरा सांगते. मनाविषयी इतके बोलणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात शरीराला असे स्थान होते, याची येथे आठवण होते.

आठ-दहा दिवस चालणे अंगवळणी पडले की स्नायूंकडे वळावे. ताण हा केवळ विचारांत नसतो, तो जबड्यात, मानेत, खांद्यांत आणि पोटात प्रत्यक्ष साठलेला असतो, आणि सवयीमुळे आपल्याला तो जाणवतच नाही. अमेरिकेतील वैद्यक एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून याचा अभ्यास केला आणि १९२९ मध्ये आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली. त्यांची मूळ पद्धत फारच लांबलचक होती. पुढे इतरांनी ती आटोपशीर केली, आणि आज मानसोपचारात शिकवली जाते ती हीच आटोपशीर पद्धत आहे.

ती घरी अशी करावी. जेवणानंतर लगेच नको, आणि सुरुवातीचे काही दिवस रात्री अंथरुणातही नको, कारण तेथे झोप लागते आणि शिकणे राहून जाते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांनी घड्याळाची ठरावीक वेळ धरण्याऐवजी ‘ड्युटीवरून आल्यावर, हातपाय धुऊन झाल्यावर’ अशी खूण धरावी, म्हणजे पाळी बदलली तरी सराव मोडत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून चटईवर उताणे पडावे किंवा पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसावे. उजव्या हाताची मूठ आपल्या ताकदीच्या साधारण तीन-चतुर्थांश एवढ्या जोराने आवळावी, पाच ते सात सेकंद तशीच धरावी आणि ताण नेमका कोठे कोठे जाणवतो ते पाहावे: बोटांत, तळव्यात, मनगटाच्या वर. मग मूठ हळूहळू न उघडता एकदम सोडून द्यावी आणि पुढची २० ते ३० सेकंद काहीही न करता, हातात होणारा बदल केवळ जाणून घ्यावा. कोणाला ऊब जाणवते, कोणाला जडपणा, कोणाला मुंग्यांसारखे वाटते, कोणाला पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. यातले सर्व ठीक आहे. हेच पुन्हा एकदा करून मग दंड, त्यानंतर डावा हात, मग भुवया उंचावून कपाळ, डोळे घट्ट मिटून डोळ्यांभोवतीचा भाग, दात एकमेकांवर हलके दाबून जबडा, खांदे कानांकडे उचलून मान व खांदे, पोट आत घेऊन पोटाचे स्नायू, मांड्या, आणि पावले आपल्याकडे ओढून पोटऱ्या, असा क्रम घ्यावा. पावले पुढे ताणू नयेत, पोटरीत गोळा येतो. मानेचे किंवा पाठीचे दुखणे, अलीकडची शस्त्रक्रिया, वाढलेला रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर आवळण्याचा भाग सोडून केवळ त्या त्या अवयवाकडे लक्ष नेऊन तो सैल सोडण्याचाच सराव करावा.

संपूर्ण फेरीला २० मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. यात खरे शिकायचे असते ते आवळलेपण आणि सैलपण यांतला फरक ओळखणे. हा फरक एकदा ओळखीचा झाला की दिवसभरात आपला जबडा किती वेळा आवळलेला असतो आणि संगणकासमोर खांदे किती वर चढलेले असतात, ते आपसूक लक्षात येऊ लागते, आणि जे लक्षात येते ते सोडता येते. म्हणूनच या टप्प्यावर घाई करू नये. किमान दोन-तीन आठवडे रोज एकदा हे करावे. झोप लागली, लक्ष भरकटले, मध्येच गॅसवरचे दूध आठवले, तरी तो दिवस वाया गेला असे समजू नये.

श्वासाबद्दल थोडक्यात, पण सावधपणे सांगितले पाहिजे. घाबरलेल्या माणसाला ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगितले जाते आणि तो भराभर मोठे श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर, बोटांना मुंग्या आणि छातीत अवघडल्यासारखे वाटते, आणि भीती आणखी वाढते. भर श्वास घेण्यावर न देता सोडण्यावर द्यावा, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते. नाकाने नेहमीइतकाच श्वास चार अंक मोजत घ्यावा आणि सहा अंक मोजत, दिव्याची ज्योत न विझेल इतक्या हळुवारपणे सोडावा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटे पुरेत. मोजण्याचीच धास्ती वाटू लागली तर आकडे सोडून द्यावेत.

स्नायू आणि श्वास या दोन्हींची ओळख झाल्यावर त्यांना एका शब्दाने जोडावे. शरीर सैल असताना प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मनात ‘सैल’ किंवा ज्यांना भावते त्यांनी ‘राम’ असे म्हणावे. काही आठवड्यांनी तो शब्द आणि ते सैलपण यांची गाठ पडते, आणि मग तो शब्द चटईवरून उचलून बाहेर नेता येतो. द्वारका चौकातील वाहतूक कोंडीत अडकल्यावर, बँकेच्या रांगेत, मुलाचा निकाल लागण्याआधी, साहेबांच्या केबिनबाहेर थांबलेले असताना, डोळे उघडे ठेवूनच एक उच्छ्वास, खांदे खाली, जबडा मोकळा आणि तो शब्द, एवढे करायला दहा सेकंदही लागत नाहीत. मात्र ज्याने घरी सराव केला आहे त्यालाच त्याचा उपयोग होतो. अडचणीच्या क्षणी पहिल्यांदाच करून पाहिल्यास काही घडत नाही आणि उगाच विश्वास उडतो.

आता उरते ती काळजी. तिच्यासाठी दिवसातील अर्धा तास राखून ठेवावा, हा उपाय बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच मांडला आणि तो आजही वापरला जातो. रोज एकाच वेळी, एकाच जागी, वही घेऊन बसायचे. झोपण्याच्या तोंडावर मात्र नाही, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बरे. दिवसभरात काळजी डोके वर काढू लागली की तिचे दोन शब्द टिपून ठेवायचे आणि ‘हिच्यासाठी संध्याकाळ आहे’ असे स्वतःला सांगून हातातले काम पुढे चालू ठेवायचे. काळजी करू नको असे सांगितले की मन बिथरते, पण नंतर कर असे सांगितले की ते पुष्कळदा ऐकते.

त्या अर्ध्या तासात करायचे काय, हे निफाड किंवा दिंडोरीच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराच्या उदाहरणावरून पाहू. ऑक्टोबर छाटणी झाली आहे, घड बाहेर पडत आहेत आणि आभाळ भरून आले आहे. त्याच्या वहीत दोन प्रकारच्या ओळी येतील. ‘पाऊस झाला तर डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग) येईल’ ही पहिल्या प्रकारची, कारण तिच्यापुढे कृती लिहिता येते: सकाळी सहाला बाग फिरून पानांची खालची बाजू पाहायची, औषध घरात आहे का ते आत्ताच बघायचे, सल्लागाराला फोन करायचा. ‘गारपीट झाली तर काय, कर्ज फिटले नाही तर काय, मुलीचे लग्न कसे होईल’ या ओळी दुसऱ्या प्रकारच्या, कारण आज रात्री त्यांवर करण्यासारखे काहीही नसते. पहिल्या ओळींपुढे कृती आणि वेळ लिहावी. दुसऱ्या ओळी जशा आहेत तशा लिहून उद्याच्या अर्ध्या तासाकडे सोपवाव्यात. रात्री दोन वाजता उठून मोबाइलवर हवामानाचा अंदाज पाहिल्याने ढग हलत नाहीत, पण झोपमोड झालेल्या माणसाचा सकाळचा निर्णय मात्र चुकू शकतो. ज्याचा जीव बागेत टांगलेला आहे त्याला ‘चिंता सोड’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची चिंता खरी आहे, तिला जागा आणि वेळ हवी आहे.

चहाविषयी दोन वाक्ये. शरीरातील कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कडक चहातील निम्मे कॅफिन रात्री दहाला अंगात असते. ज्यांना धडधड आणि झोपेचा त्रास आहे त्यांनी दुपारनंतरचा चहा महिनाभर बंद करून फरक पाहावा. रात्री झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून मंद उजेडात काहीतरी साधे करावे आणि डोळे जड झाल्यावरच परत जावे.

इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे अनेकांना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाण्याचा सल्ला मिळतो. १९७६ पासून तेथे शिबिरे होत आली आहेत आणि त्यांचा लाभ झालेली माणसे पुष्कळ आहेत. तरीही रोज सुमारे दहा तास बसणे आणि संपूर्ण मौन हे अस्वस्थ मनाच्या माणसासाठी पहिले पाऊल नव्हे, असे मला ठामपणे वाटते. घबराटीचे झटके येत असतील किंवा मानसिक आजाराचे औषध चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि अर्जात ती माहिती लपवू नये.

घरच्यांनीही थोडे साहाय्य करावे. ‘एवढं काय त्यात’ म्हणण्यापेक्षा ‘चल, जरा फिरून येऊ’ म्हणावे, आणि सरावाच्या वीस मिनिटांत त्या व्यक्तीला हाक मारू नये. विशेषतः घरातील सुनेला किंवा आईला ही वीस मिनिटे मिळत नाहीत, कारण तिने दार लावून पडणे घराला विचित्र वाटते. ती वेळ सर्वांनी मिळून ठरवून दिली पाहिजे.

काही वेळा हा सराव पुरेसा नसतो. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस काळजी आवरत नसेल, झोप व काम बिघडले असेल, शांत होण्यासाठी दारूचा आधार लागत असेल, तर फॅमिली डॉक्टरांकडे जावे आणि थायरॉइड व हिमोग्लोबिनच्या तपासण्यांविषयी विचारावे, कारण त्यांतील बिघाडानेही धडधड आणि बेचैनी होते. तेथून गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच बाळगू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर वाट न पाहता त्याच दिवशी या क्रमांकावर बोलावे किंवा घरातील कोणाला तरी सोबत घेऊन जवळचे रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या तरी चालणे आणि स्नायूंचा सराव थांबवू नये, आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. कमी कधी व कशा करायच्या ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.