चालत्या कर्नलवर रिअल-टाइम बसवताना

यंत्र चालवणाऱ्या लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, रिअल-टाइम करायचं हे काम. रिअल-टाइम म्हणजे वेगवान, असं समजून त्यात उतरणारी पोरं फार; खरा अर्थ दर वेळी, ठरलेल्या मुदतीत उत्तर देणं. सोलापूरकराला हा समज घालवायला लांब जायची गरज नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एखाद्या कारखान्यात अर्धा तास उभं राहायचं. रॅपिअर माग मिनिटाला 300 पिक (बाण्याचे आडवे धागे) मारत असेल तर एका पिकला 200 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात मागाचा शाफ्ट 360 अंशांची फेरी पुरी करतो, म्हणजे एक अंश साधारण 0.55 मिलिसेकंदाचा. बाण्याचा रंग निवडायचा हुकूम कंट्रोलरकडून 5 मिलिसेकंद उशिरा आला, की माग 9 अंश पुढे गेलेला असतो.

आमचा कंट्रोलर बोर्ड सरासरी किती कमी वेळात उत्तर देतो, हे मी एकदा एका जॉबर मामांना, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मिस्त्रींना, मोठ्या कौतुकानं सांगत होतो. ते म्हणाले, "सरासरी राहू द्या साहेब. सगळ्यात जास्त उशीर किती, ते सांगा. टॉवेल सेकंड क्वालिटीत जातो तो त्याच्यामुळं." रिअल-टाइमवरच्या कित्येक व्याख्यानांत यापेक्षा जास्त काही सांगितलेलं नसतं.

इतिहास थोडक्यात माहीत हवा, कारण पुढची डोकेदुखी त्यातूनच येते. 1990 च्या दशकात आरटीलिनक्स या प्रकल्पानं आणि मग मिलानच्या आरटीएआयनं एक वाट धरली: खाली छोटा रिअल-टाइम कर्नल, आणि अख्खा लिनक्स त्याचं सगळ्यात कमी प्राधान्याचं काम. झेनोमाय त्याच वाटेवरचा. उशीर छान आटोक्यात राहतो. पण लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि इंटरप्टच्या (हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या हार्डवेअरच्या हाकेच्या) पोटात घातलेले टाके दर वेळी उसवून पुन्हा घालावे लागतात.

दुसरी वाट इंगो मोलनार, थॉमस ग्लायक्सनर, स्टीव्हन रोस्टेड यांची, 2004 च्या सुमारास सुरू झालेली: लिनक्सलाच असा करायचा की महत्त्वाचं काम आलं की हातातलं काम खाली ठेवेल. हाच प्रीएम्प्ट-आरटी. ही मंडळी एक मोठा पॅच (कर्नलच्या कोडमधल्या बदलांची फाइल) बगलेत घेऊन बसली नाहीत. त्यातला जो तुकडा सगळ्यांच्या उपयोगाचा, तो मुख्य कर्नलमध्ये सरकवत गेली. हाय रिझोल्यूशन टायमरचा पाया 2.6.16 या आवृत्तीत, प्राधान्याचा वारसा देणारा फ्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, म्हणजे लॉक) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी सोय) 2.6.18 मध्ये, थ्रेडमध्ये चालणारे इंटरप्ट 2.6.30 मध्ये. शेवटचा मोठा अडसर होता प्रिंटके, म्हणजे कर्नलची साधी संदेश छापायची सोय! तोही सुटला आणि सप्टेंबर 2024 मध्ये प्रीएम्प्ट-आरटी मुख्य प्रवाहात दाखल झाला. 6.12 मध्ये एक्स86, 64-बिट आर्म आणि रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरांवर तो बाहेरच्या पॅचशिवाय चालू करता येतो. कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नल बांधायच्या सेटिंगमध्ये, पर्याय दिसत नसेल तर आधी 'एक्स्पर्ट' चालू करा.

मग पॅच बसवायला आता शिकायचं कशाला? कारण यंत्रमागधारक कंट्रोलर दर वर्षी बदलत नाही. कारखान्यातले बोर्ड जुने आहेत, त्यातले कितीतरी 32-बिट आर्मचे, आणि 6.12 च्या त्या यादीत 32-बिट आर्म नव्हता. शिवाय बोर्ड विकणाऱ्यानं स्वतःचे ड्रायव्हर कोंबून एक कर्नल दिलेला असतो आणि तुमचं इनपुट-आउटपुट कार्ड फक्त त्यावरच चालतं. या कर्नलला रिअल-टाइमची जोड द्यायची, हे खरं काम आहे आणि पोट त्यावर भरतं.

आरटी पॅच एका नेमक्या आवृत्तीसाठी असतो. आकडा जुळत नसेल तर जबरदस्ती करू नका. आधी ड्राय-रन करा, म्हणजे कोड न बदलता पॅच बसतो का तेवढं पाहा. विक्रेत्याचा कर्नल ज्या मूळ आवृत्तीवर उभा आहे ती शोधा, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) त्या जागेवरून एका फांदीवर विक्रेत्याचे बदल आणि दुसरीवर आरटीचे बदल ठेवा, मग मर्ज करा, म्हणजे दोन्ही एकत्र करा. गिटचं 'रेरेरे' चालू ठेवलं की एकदा सोडवलेला गुंता पुढच्या वेळी तेच सोडवतं.

आता जिथं नवखे अडकतात ती जागा. रिजेक्ट झालेला पॅच त्रासदायक, पण निदान तो ओरडून सांगतो. घात करतो तो गुपचूप बसलेला. आरटी कर्नलमध्ये साधा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत जागेवर फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) आतून झोपू शकणारा, म्हणजे वाट पाहताना प्रोसेसर दुसऱ्याला देणारा, लॉक होतो; रॉ स्पिनलॉक तेवढा पूर्वीसारखा राहतो. विक्रेत्याच्या ड्रायव्हरमध्ये हमखास असं सापडतं: आधी हातानं इंटरप्ट बंद केले, आणि त्याच्या आत साधा स्पिनलॉक घेतला. मूळ कर्नलवर हे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं असतं. आरटीवर मात्र इंटरप्ट बंद असताना झोपायची पाळी येते, आणि ते चालत नाही. प्रीएम्प्शन (चालू काम थांबवून दुसऱ्याला संधी देणं) बंद करून त्याच्या आत मेमरी मागणं, हाही त्याच घरातला प्रकार; 'अ‍ॅटॉमिक' (न झोपता मेमरी देणारी) मागणी केली म्हणून सुटका नाही. पॅचच्या ओळी आणि ड्रायव्हरच्या ओळी एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत, मर्ज स्वच्छ होतो, कर्नल बांधला जातो, बूटही होतो. म्हणून पहिल्या बांधणीत लॉकडेप आणि 'डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप' चालू ठेवा. लॉगमध्ये 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट' अशी ओळ आली की ड्रायव्हर उघडायचा. तिथला प्रत्येक लॉक रॉ करून टाकायचा मोह होतो. करू नका. तसं केलं की तक्रार बंद होते, उशीर मात्र तिथेच परत येतो. इंटरप्ट बंद करणं आणि लॉक घेणं एकाच जोडफंक्शननं करा. बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. मोजताना मात्र ही डीबगची सोय काढून पुन्हा बांधा, नाहीतर आकडे उगाच फुगतात.

उशीर मोजायला सायक्लिकटेस्ट हा प्रोग्रॅम. रिकाम्या बोर्डावर ते चालवून सुंदर आलेख काढणारे पुष्कळ भेटतात. त्या आलेखाला काडीची किंमत नाही. बोर्डावर भार टाकणारं स्ट्रेस-एनजी लावा, नेटवर्कवर मारा करा, पेन ड्राइव्हवरून डिझाइनची फाइल उतरवत ठेवा आणि रात्रभर चालू द्या. जमलं तर मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. सोलापुरात पारा चाळिशीपार असतो, प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि एसीतल्या टेबलावर हे कधीच दिसत नाही. जुना औद्योगिक पीसी असेल तर हार्डवेअर लेटन्सी (हार्डवेअरमुळं होणारा उशीर) शोधणारं एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट आधी चालवा. बायोस (यंत्रातलं मूळ फर्मवेअर) मध्येच प्रोसेसर हिसकावून नेत असेल, तर कर्नलमध्ये कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही. ते यंत्रच या कामाचं नाही.

आपल्या प्रोग्रॅमकडून तीन गोष्टी पाहायच्या. मेमरी एमलॉकऑल या फंक्शननं जागेवर बांधून टाका. फाइल लिहिणं, स्क्रीन रंगवणं वेगळ्या, कमी प्राधान्याच्या थ्रेडकडे द्या. आणि रिअल-टाइम थ्रेडला न थांबता गरगर फिरवू नका. जुन्या कर्नलमध्ये अशा थ्रेडना सेकंदातले 0.95 सेकंदच मिळतात, उरलेले 50 मिलिसेकंद हिसकावले जातात. 300 पिकांच्या मागावर तो पाव फेरा झाला. ही मर्यादा उठवायचा उपाय कोणीही सांगेल; थ्रेडला टायमरवर झोपवून उठवणं जास्त शहाणपणाचं.

एक मत माझं, पटलं तर घ्या: काही मायक्रोसेकंदांत व्हायलाच हवं असं काम लिनक्सकडे देऊच नये. बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर त्यासाठी 200 मेगाहर्ट्झचे दोन वेगळे छोटे प्रोसेसर आहेत. नाहीतर दीड-दोनशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर शेजारी लावा. लिनक्सनं डिझाइन, नेटवर्क, पडदा सांभाळावा आणि मिलिसेकंदाची शिस्त पाळावी.

अभ्यासाचं म्हणाल तर सी आणि गिट चांगलं हवं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात प्रायॉरिटी इन्व्हर्जन (कमी प्राधान्याच्या कामामुळं जास्त प्राधान्याचं काम अडकणं) दोन गुणांसाठी पाठ केलं जातं, तेवढं तरी नीट समजून घ्या. 1997 मध्ये मंगळावर पोचलेलं पाथफाइंडर यान त्याच्यामुळंच पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. नोकऱ्या बहुतेक पुण्यात, गाड्यांच्या आणि यंत्रांच्या कंपन्यांत. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा उशिराचा एक आलेख जवळ ठेवा: तुमचा बोर्ड, कर्नलची आवृत्ती आणि कॉन्फिग, मोजताना भार कोणता होता, आणि सगळ्यात उजवीकडचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या उशिराचा, तो एकटा खांब कशामुळं उभा राहिला, याचं तुम्ही शोधलेलं उत्तर. समोरचा जाणता असेल तर पुढचा सगळा वेळ त्या खांबावरच बोलेल.