डायव्हिंगचं कार्ड १८ मीटरचं असेल तर ३० मीटरवर जाऊ नका

तारकर्लीला प्रशिक्षकाने धरून पाण्याखाली फिरवून आणलं, म्हणजे डायव्हिंगचं प्रमाणपत्र मिळालं असं नाही. त्यासाठी ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स लागतो. थिअरी आणि पूलमधला सराव पुण्यात उरकता येतो, शेवटच्या चार डाइव्ह मात्र मालवण, गोवा किंवा अंदमानला जाऊन करा.

या कोर्सचं प्रमाणपत्र म्हणून मिळणारं कार्ड १८ मीटर खोलीपर्यंतचं. "चल रे, ३० मीटरवर बुडालेलं जहाज बघू," असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणून टाकीतली हवाही चौपट वेगाने संपते. शिवाय नायट्रोजनची गुंगी येते. हवा किती उरली ते दाखवणारा गेजचा काटा डोळ्यांसमोर असतो, पण तो बघून काय करायचं हेच सुचत नाही. डीप डायव्हिंगचा वेगळा कोर्स याचसाठी आहे. जहाजाच्या आत शिरायचं तर रेकचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांच्या डायव्हिंगचा. पैसे वाचवायचेच तर कॅमेऱ्यात वाचवा.

आणि पुणेकरांनो, डाइव्ह संपवून त्याच संध्याकाळी घाट चढू नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. रात्र मालवणातच काढा, सकाळी निघा.