नोकरी सांभाळून मंचावर स्वतःची गोष्ट सांगताय? या चुका टाळा

दिवसभर ऑडिट करणारा माणूस संध्याकाळी ओपन माइकला उभा राहिला, तरी अंगातलं ऑफिस काही लगेच उतरत नाही. माझी पहिली गोष्ट बाबांच्या स्कूटरची होती आणि मी सुरुवात केली, "बाबांचं नि माझं नातं तीन टप्प्यांत सांगता येईल." पहिल्या रांगेतल्या बाईंनी पर्समधून मोबाइल काढला.

ऑफिसात निष्कर्ष आधी लागतो, गोष्टीत तो लपवावा लागतो. पुढच्या वेळी उभा राहिल्या राहिल्या म्हणालो, "आमची स्कूटर तिरकी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही आणि त्या दिवशी बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता." बाई ऐकत होत्या.

दुसरी चूक घोकंपट्टीची. एक शब्द निसटला की सगळी गाडी रुळावरून घसरते. न्यूयॉर्कमध्ये 1997 साली सुरू झालेल्या 'द मॉथ' या गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थेच्या स्पर्धेत हातात कागद चालत नाही. गोष्ट खरी, स्वतःची आणि 5 मिनिटांची, वर 1 मिनिटाची सवलत. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा, मधले चार-पाच प्रसंग क्रमाने लक्षात ठेवा. अडलात तर त्या क्षणी समोर काय दिसत होतं ते सांगू लागा, धागा सापडतो.

साहेबांचा सूड मंचावर उगवू नका. नाव बदललं म्हणजे झालं, असं नसतं. आपल्याकडे प्रेक्षकांत कुणी ना कुणी त्यांचा मेहुणा निघतोच! क्लायंटचं गुपित तर अजिबात नको. फजिती स्वतःची सांगा, लोक तिलाच हसतात.

आणि "नोकरीमुळे सरावाला वेळ नाही" हे मला पटत नाही. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारदाची नोकरी करत कथाकथन करायचे. मी स्टेशन ते घर चालताना गोष्ट पुटपुटतो. वॉचमनला आता सवय झालीये.

शेवट लांबवणं ही माझी जुनी खोड. आता मी स्कूटर तिरकी करतो, बाबा मागून "चोक ओढ" म्हणतात, ती सुरू होते आणि मी मंचावरून खाली उतरतो. पूर्वी त्यापुढे दीड मिनिट बाबांचे आभार मानायचो.