पहिला वळू मी उगाच नापास केला

गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं रेत, म्हणजे वीर्य, तपासून गोठवणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू होऊन आठवडाच झाला होता. होल्स्टीन या दुधाळ विदेशी जातीच्या एका वळूचं ताजं रेत मायक्रोस्कोपखाली घेतलं आणि वहीत लिहिलं: चलनक्षमता (हलणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण) 40 टक्के, नापास. 70 च्या खालचं आपण गोठवत नाही. सिनियर आले. त्यांनी भिंगात डोकावलंसुद्धा नाही, नुसतं स्टेजवर, म्हणजे काच ठेवायच्या पट्टीवर, बोट टेकवलं. "गार आहे की, मॅडम!" स्टेज गरम ठेवणाऱ्या वॉर्मरचं बटणच बंद होतं. स्टेज 37 अंशांवर आणून त्याच नळीतला दुसरा थेंब पाहिला, 75 टक्के भरला.

हिशेब करा. 5 मिली रेत, मिलीला 100 कोटी शुक्राणू, एका कांडीत (रेत भरून गोठवायची बारीक नळी, एका गाईला एक) 2 कोटी. माझ्या गार काचेपायी अडीचशे कांड्या मोरीत जाणार होत्या. तेव्हा काच, कव्हरस्लिप, पिपेट, सगळं आधी कोमट करा, मग वळूला नावं ठेवा.

इओसिन-निग्रोसिनचा रंग शिकायला सोपा: मेलेला शुक्राणू गुलाबी, जिवंत पांढरा. अवघड आहे ते 200 शुक्राणू मोजणं. शंभरानंतर कंटाळा येतो आणि माणूस अंदाजपंचे लिहायला लागतो, मीही लिहिलंय. मोजणी करणारं संगणकी यंत्र आलं म्हणून सुटका नाही. गोठवण्यासाठी रेतात मिसळलेल्या अंड्याच्या बलकाचे कणही ते शुक्राणू म्हणून मोजून मोकळं होतं.

गोठवलेली कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरली आणि निदान 50 टक्के हालचाल दिसली की ती पास. मला वाटायचं, पास म्हणजे गाय गाभण. मग एका गावाहून फोन आला, "तुमच्या त्या बैलाच्या गाया उलटतायत." म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतायत. आमच्या वहीत त्याच बॅचला 60 टक्के!

पंधरा-वीस गाया उलटल्या म्हणून बैल वाईट ठरत नाही. माज चुकीचा ओळखला, कांडी द्रव नायट्रोजनच्या कंटेनरच्या तोंडाशी फार वेळ धरली, काहीही असेल. पण जुन्या स्लाइडी काढून मी शुक्राणूंची डोकी पाहिली, तेव्हा बरीचशी पेरूसारखी, बुडाशी निमुळती. पळतात झकास, पण आकार बिघडलेला. हालचाल कमी असेल तर कांडीत संख्या वाढवून काही अंशी भागतं. डोक्यातला आनुवंशिक वारसाच (डीएनए) खराब असेल तर तसा शुक्राणू बीजापर्यंत पोचतो, फलनही होतं आणि गर्भ सुरुवातीलाच मरतो. तिथे संख्या वाढवून काय उपयोग? म्हणून हालचालीचा आकडा वाईट रेत बाजूला काढायला चांगला. चांगल्यातलं सरस कोणतं, ते त्याला विचारू नये.

डोकी का बिघडली? गोठ्याचं रजिस्टर चाळलं, तर ते रेत घेण्याच्या दोन महिने आधी त्या वळूला चार दिवस ताप होता. वृषणात शुक्राणू तयार व्हायला 61 दिवस लागतात, वर पक्व व्हायला आठ-दहा दिवस. आज नळीत पडलेलं रेत तेव्हाच्या तापाचं असतं, आणि मेच्या उन्हाचा फटका जुलैत दिसतो.

नव्यांनी रुजू झाल्याबरोबर गोठ्यातल्या माणसाशी दोस्ती करावी. ताप, लाळ्या-खुरकूताची लस, पाय लंगडणं, हे आधी त्याला कळतं. मी ते तारखेसकट लिहून ठेवते आणि पुढचे अडीच महिने त्या वळूची डोकी दर खेपेला मोजते, चलनक्षमता 80 आली तरी.