सिनेमातले जुने जोडे जमवताय? निदान या चुका तरी करू नका

माझी सगळ्यात महागडी चूक दोनशे रुपयांची आहे. नाशकात गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात एक जरीची मोजडी मिळाली, विकणारा म्हणाला जुन्या पौराणिक पिक्चरमधली आहे, मी हसलो आणि घेतली, टाच उसवली होती म्हणून घरी जाता जाता नवा तळ मारून घेतला आणि वरून मस्त पॉलिशही केली. महिन्याभराने नाटकांना ड्रेपरी, म्हणजे पात्रांचे कपडे-जोडे, पुरवणारे एक ओळखीचे काका घरी आले, मोजडी उलटी करून म्हणाले, "अरे, जुना तळ कुठंय?" त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक जोड्याच्या तळाला नाहीतर अस्तराला शाईने नंबर टाकतात. माझा तळ तर मी टपरीवरच टाकून आलो होतो. आता ती मोजडी खरी की खोटी हे कधीच कळणार नाही.

म्हणून दुरुस्ती करू नका. धुणं नको, पॉलिश नको, फेविकॉल तर अजिबात नको. आधी आतून, बाहेरून, खालून फोटो काढा. जोड्याचा पुरावा वरच्या चमकीत नसतो, आत आणि खाली असतो.

१९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या हॉलिवूड सिनेमातले नायिका ज्यूडी गारलंडचे लाल जोडे घ्या. मूळ पुस्तकात ते चांदीचे होते, पण टेक्निकलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या रंगीत फिल्ममध्ये, उठून दिसावेत म्हणून लाल केले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये जो जोड आहे त्याच्या तळाला फेल्ट लावलंय, नाचताना खटखट आवाज येऊ नये म्हणून. डावा आणि उजवा पाय एकमेकांशी नीट जुळतही नाही! आपल्यासारखा माणूस बघून म्हणेल, डुप्लिकेट. पण सिनेमात एकाच पात्राचे चार-पाच जोड करतात, नाचाला वेगळे, क्लोजअपला वेगळे, आणि पाय आपसात बदलले जातात. तेव्हा 'ओरिजिनल एकच असतो' हेही डोक्यातून काढून टाका.

रंगाचंही तसंच. ते जोडे प्रत्यक्षात स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा गडद आहेत, त्यामुळे मोबाईलवर सिनेमा पॉज करून रंग जुळवत बसू नका.

आणि चमकतं ते माणिक नसतं. याच सिनेमाचा दुसरा एक जोड २००५ मध्ये मिनेसोटातल्या म्युझियममधून चोरीला गेला, चोराला वाटलं खरी माणकं आहेत, विकायला गेला तर कळलं नुसती काच! २०१८ मध्ये एफबीआयला तो सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात फी धरून ३ कोटी २५ लाख डॉलरला गेला. १९७० मध्ये स्टुडिओच्या लिलावात असाच एक जोड १५ हजार डॉलरला गेला होता. म्हणजे किंमत मालाची नाही, हकीकतीची आहे, आणि ती कागदावर लागते.

नाशकात तर हकीकती फुकट मिळतात. 'राजा हरिश्चंद्रमधली चप्पल आहे, इथंच शूटिंग झालं' असं कोणी सांगितलं तर चहा पाजा आणि निघा. तो सिनेमा १९१३ चा आणि फाळके स्टुडिओ घेऊन नाशकात आले त्यानंतर. शिवाय मशीनने चिकटवलेला रबरी तळ त्या काळात कुठून येणार?

आता पावसाळा. इथं जुलैत कपाटातल्या चामड्यावर पांढरी बुरशी धरतेच, ६५ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की समजा सुरू. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलं की ओल आतच राहते. पेपरात गुंडाळलं तर शाई लागते आणि कागदातलं आम्ल चामडं खातं. मी धुतलेलं, खळ नसलेलं मांजरपाट वापरतो, सोबत सिलिका जेल आणि काहीशे रुपयांचा ओलावा मोजणारा मीटर. डांबरगोळ्या जोड्यांपासून लांब. जोड्यावर जुन्या चमकीच्या टिकल्या असतील तर ओलं फडकंही फिरवू नका, १९३० च्या सुमाराच्या कित्येक टिकल्या जिलेटिनच्या आहेत, पाणी लागलं की विरघळतात. मऊ कोरडा ब्रश, बास.

'कधी घातलेच नाहीत, बॉक्समध्येच आहेत' यावर तर अजिबात भाळू नका. 'बॅक टू द फ्यूचर'च्या दुसऱ्या भागातला, १९८९ चा नाइकीचा एक खरा बूट २०१८ मध्ये ९२ हजार डॉलरच्या वर विकला गेला, एकच पाय, तोही सोल भुगा झालेला. सोलमधला पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने आपोआप तुटत जातो, घाला नाहीतर ठेवा. उलट त्या मॉडेलचा बूट टकाटक दिसत असेल तर आधी विचारा की हा नाइकीनेच २०११ मध्ये पुन्हा काढलेल्या १५०० जोडांपैकी तर नाही ना. ते जोडही महागच आहेत, पण सिनेमात कोणी घातलेले नाहीत.