मांडीचा मागचा भाग आणि खुबे लवचिक करणारे ताकदीचे व्यायाम

गुडघे न वाकवता खाली वाकल्यास बोटे नडगीच्या मध्यावरच थांबतात आणि मांडी घालून दहा मिनिटे बसले की खुबे कुरकुरू लागतात, अशी तक्रार असणाऱ्या बहुतेकांनी स्ट्रेचिंग करून पाहिलेले असते. सकाळी अंग मोकळे वाटते आणि दुपारी पुन्हा आखडते. पहिल्या काही आठवड्यांत स्ट्रेचिंगने पडणारा फरक बराचसा ताण सोसण्याची सवय वाढल्यामुळे असतो. तेवढ्या अवधीत स्नायूची रचना फारशी बदलत नाही. याउलट, स्नायू लांब होत असतानाच त्याला वजन पेलायला लावले, तर तो अधिक लांब होऊ लागतो आणि वाढलेल्या लांबीत त्याला ताकदही येते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात ताकदीचे व्यायाम आणि स्ट्रेचिंग या दोन्हींमुळे सांध्यांच्या हालचालीत होणारी वाढ साधारण सारखीच आढळली. ज्याला दिवसाकाठी एकाच गोष्टीसाठी वेळ आहे, त्याने ताकद निवडावी, असे माझे मत आहे.

हॅमस्ट्रिंग हा मांडीच्या मागच्या बाजूच्या तीन स्नायूंचा समूह आहे. बसल्यावर ज्या दोन हाडांवर आपला भार येतो, तेथून तो मुख्यतः निघतो आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतो. तो खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडत असल्यामुळे एक व्यायाम खुब्यातून वाकण्याचा आणि दुसरा गुडघा वाकवण्याचा, असे दोन्ही प्रकार करावे लागतात.

सुरुवातीला एक साधी तपासणी करावी. उताणे झोपून, गुडघा सरळ ठेवून, एक पाय केवळ स्वतःच्या ताकदीने जितका वर जाईल तितका उचलावा. त्यानंतर तळव्याला टॉवेल अडकवून तोच पाय हातांनी ओढून पाहावा. दोन्ही उंचींत मोठा फरक असेल, तर लांबी तुमच्याकडे आहे, पण ती वापरण्याची ताकद नाही. टॉवेलने ओढूनही पाय जेमतेम साठ अंशांपर्यंतच येत असेल, तर लांबी आणि ताकद या दोन्हींवर काम करावे लागेल. ओढताना पोटरीत किंवा पावलात मुंग्या येत असतील अथवा चमक जात असेल, तर तो स्नायूचा ताण नसून मज्जातंतूचा असू शकतो. अशा वेळी पुढील व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे.

मुख्य व्यायाम रोमानियन डेडलिफ्ट हा आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा रोमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाड पुढे अमेरिकेत गेला असताना हा व्यायाम करताना दिसला आणि त्यावरून त्याला हे नाव पडले. वजन हाती घेण्यापूर्वी नुसते वाकणे शिकावे. एक काठी पाठीला उभी लावून धरावी. ती डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे न्यावेत, जणू हातात सामान असताना मागचे दार ढकलायचे आहे. धड आपोआप पुढे झुकते. काठी एकाही ठिकाणी सुटली, तर खुब्याऐवजी कंबर वाकली असे समजावे आणि तेथूनच परत यावे.

हे जमले की दोन्ही हातांत वजन घ्यावे. डंबेल नसल्यास पाण्याने भरलेले पाच लिटरचे दोन कॅन चालतात. त्यांचे एकत्रित वजन सुमारे दहा किलो होते. वजन मांड्यांना घासत चार सेकंदांत खाली न्यावे, मागच्या बाजूला पुरता ताण जाणवेल तेथे दोन सेकंद थांबावे आणि टाचांवर भार देऊन उभे राहावे. जमिनीला हात लावणे हे येथे उद्दिष्ट नाही. आठ वेळा करून विश्रांती घ्यावी आणि असे तीन सेट करावेत. शेवटच्या दोन आवृत्त्या जड गेल्या पाहिजेत. त्या सहज होत असतील, तर वजन वाढवावे. माझ्या पाहण्यात बहुतेक जण चुकतात ते येथेच: महिनोन्‌महिने तेच दहा किलो उचलतात आणि फरक का पडत नाही म्हणून विचारतात.

गुडघ्याकडच्या बाजूसाठी गुळगुळीत लादीवर उताणे झोपून टाचांखाली टॉवेल घ्यावा, नितंब उचलावेत आणि टाचा सावकाश दूर सरकवत पाय जवळजवळ सरळ करावेत. परत ओढणे सुरुवातीला जमणार नाही. तेव्हा नितंब खाली टेकवून पाय जवळ घ्यावेत आणि पुन्हा सरकवावेत. सहा-सहाचे तीन सेट सहज होऊ लागले की नॉर्डिक कर्लकडे वळावे. त्यात जाड घडीवर गुडघे टेकून, घोटे कोणाला तरी घट्ट धरायला सांगून, धड सरळ ठेवत हळूहळू पुढे पडायचे असते. दोन सेट, प्रत्येकी तीन ते पाच वेळा, एवढे पुरे. पहिल्या वेळेनंतर दोन-तीन दिवस जिना उतरताना त्याची आठवण येत राहील.

खुब्यांसाठी दोन व्यायाम पुरतात. जमिनीवर बसून एक पाय पुढे आणि दुसरा बाजूला, दोन्ही गुडघे काटकोनात, असे ठेवावे आणि हात न टेकता बाजूच्या पायाचे पाऊल पाच सेकंद उचलून धरावे. ते जेमतेम इंचभर उठते, आणि तेवढे पुरेसे असते. दुसऱ्या व्यायामात पाय खूप फाकवून उभे राहावे आणि एका बाजूच्या गुडघ्यात वाकून खाली बसावे, दुसरा पाय सरळ ठेवावा. तोल जात असेल, तर दाराची चौकट धरावी. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू याने लांब होतात आणि मांडी घालून बसणे सोपे जाते.

हे सर्व आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून करावे. झोपेतून उठल्यावर पहिल्या तासात वजन घेऊन वाकू नये, कारण रात्रभरात मणक्यांमधील चकत्या फुगलेल्या असतात. बसण्याच्या हाडापाशी नेमके एकाच जागी दुखत असेल, तर खोल वाकणे थांबवावे. तेथे स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, दुखावलेला असू शकतो आणि जास्त ताणल्याने तो चिघळतो. टॉवेलची तपासणी चार आठवड्यांनी, दिवसाच्या त्याच वेळी आणि तेवढेच चालून झाल्यावर करावी, नाहीतर सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय यांची तुलना होईल.